नंबर आणि आडनाव

(सात रस्ता, सोलापूर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



विषय ऐकूनच इथल्या दोघातिघांनी नाकं मुरडली. एकजण तर तोंडावर म्हणाला, चळवळीची बैठक आणि तू टीव्हीवरच्या गोऱ्या कमांडोंवर बोलणार? दुसरा म्हणाला, हा सगळा साम्राज्यवादी फौजांचा प्रचार आहे, आपण कशाला त्याला तोंडी लावायचं? दोघांचंही ऐकून घेतलं. तरी मी बोलणार. कारण मला तो कार्यक्रम आवडतो. नुसता आवडत नाही, लई आवडतो. आणि मला ठाऊक आहे, इथं बसलेल्या निम्म्या पोरांना आवडतो. पहाटे कंबर तलावाकडं पळायला जाणारी, विजापूर रस्त्याला घाम गाळणारी, भरतीची स्वप्नं बघणारी आपली पोरं रात्री मोबाईलवर हेच बघत बसतात. जे आपल्या वस्तीतली पोरं रोज बघतात त्याबद्दल चळवळीनं तोंड बंद ठेवायचं, आणि जे कुणीच बघत नाही त्यावर तासभर झोडायचं, हा धंदा आता पुरे.

तेव्हा आधी कार्यक्रम काय आहे ते सांगतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी.

इंग्लंडच्या चॅनल फोरवर २०१५ साली एक मालिका सुरू झाली. 'एसएएस : हू डेअर्स विन्स'. एसएएस म्हणजे ब्रिटिश फौजेची खास तुकडी. तिच्यात निवड होण्यासाठी जवानाला जे हाल काढावे लागतात, त्याचा अर्क काढून साध्या माणसांपुढं ठेवायचा, असा हा खेळ. पहिल्या खेपेला ३० पुरुष घेतले आणि वेल्सच्या डोंगरात सोडले. पाठीवर जड पिशवी, अंगावर पाऊस, पायाखाली चिखल. थंडगार पाण्यात उडी मार, उंचावरून उलटा पड, डोंगर चढ, उतर, परत चढ. कानाशी माजी फौजी उस्ताद ओरडतोय. झोप नाही. पोटभर जेवण नाही. आणि गंमत बघा, शेवटी बक्षीससुद्धा नाही. एक पैसा मिळत नाही. फक्त 'तू पास झालास' एवढं ऐकायला मिळतं.

याच जातीचे कार्यक्रम आता जगभर आहेत. अमेरिकेत त्याची नक्कल २०२३ साली निघाली. कोरियात त्याच वर्षी 'फिजिकल : १००' आला, शंभर कसलेल्या शरीरांची झुंज. आपल्याकडं एमटीव्हीचा 'रोडीज' २००३ पासून, कलर्सवरचा 'खतरों के खिलाड़ी' २००८ पासून. नॅशनल जिऑग्राफिकनं २०१२ साली 'मिशन आर्मी' नावानं साध्या पोरापोरींना आपल्या फौजेच्या कसरतीत उतरवलं होतं. पण एसएएसवाला कार्यक्रम सगळ्यांचा बाप. मी त्याच्यावरच बोलणार.

मला तो का आवडतो? कसरती आवडतात हे झालंच. माणूस थंडीनं कुडकुडतोय, दात वाजतायत, तरी पुढचं पाऊल टाकतोय, हे बघताना छाती भरून येते. त्यात लाजायचं काय? पैलवानाची कुस्ती बघताना आपले आजे खांदे उडवायचेच की. पण माझ्या आवडीचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या खेळात शिरताना माणसाचं नाव काढून घेतात. दंडावर नंबर बांधतात. मग तो डॉक्टर असू दे, वकील असू दे, बाजारात माल उचलणारा असू दे. उस्ताद हाक मारतो ती नंबराची. सात नंबर, पुढं ये. अकरा नंबर, उठ. बस. बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, आडनाव नाही.

आता आपल्यातल्या पोराला हे बघताना काय वाटत असेल? आडनाव म्हणजे काय चीज आहे हे आपल्याला शिकवावं लागतं काय? भाड्यानं खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न, आडनाव काय? मुलाखतीला गेलं की कागद बघून एक भुवई वर जाते. आडनाव सांगितलं की 'गाव कोणतं', गाव सांगितलं की 'गावात घर कुठं'. असं गोल गोल फिरवून शेवटी नेमक्या जागेवर बोट ठेवतात. माझ्या एका मित्रानं मेसचा डबा लावला होता. तिसऱ्या दिवशी आडनाव कळलं, चौथ्या दिवशी डबा बंद झाला. कारण विचारलं तर म्हणाले, माणसं वाढली. माणसं वाढली म्हणे!

अशा पोरानं पडद्यावर बघितलं की एक जागा आहे जिथं कुणी आडनाव विचारत नाही, जिथं डोंगर सगळ्यांना सारखाच उंच आहे, पाणी सगळ्यांना सारखंच थंड आहे, तर त्याला ते स्वर्गासारखं वाटणारच. घड्याळाला जात नसते. फौजेच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत पळालास तर ६० गुण. दहा पुल-अप्स काढलेस तर ४०. नऊ फुटांचा खड्डा एका उडीत ओलांडायचा. खड्डा विचारत नाही तुझा बाप कोण. आपल्या पोरांचा भरतीच्या मैदानावर जो जीव जडलाय, तो असा. ते खूळ नाही. तो एक हिशोब आहे, आणि बराचसा बरोबर हिशोब आहे.

आणि हा हिशोब आजचा नाही, दोस्तांनो. फौजेची ओढ टीव्हीनं आपल्या डोक्यात भरवलेली नाही. टीव्ही काल आला. आपले लोक ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते. १ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला, वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत होते. गावातल्या शाळेच्या पायरीवर ज्यांना उभं राहू देत नव्हते, त्यांच्या हाती पलटणीनं पाटी दिली. एक आख्खी पिढी वाचायला शिकली ती छावणीत. ब्रिटिशांच्या मनात दया होती असं नाही. त्यांना हिशोब ठेवणारे, हुकूम वाचणारे जवान हवे होते. पण पाटी ती पाटीच.

मग १८९०च्या दशकात काय झालं? साहेबाच्या डोक्यात 'लढाऊ जाती' नावाचं भूत शिरलं. अमुक जाती जन्मानं शूर, तमुक जन्मानं भित्र्या. मनूला इंग्रजी शिकवलं की असंच होणार. महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून पेन्शन घेतलेला माणूस, त्यानं १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी परत अर्ज केला, फौज आणि पोलिसात आम्हाला घ्या. ऐकलं कुणी? नाही. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि १९२१ साली मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं बाबासाहेबांचा जोर होता. ती टिकली. पण १९४३ ला उभी केलेली चमार रेजिमेंट १९४६ साली मोडली. गरज सरो, वैद्य मरो. आमचं शौर्य म्हणजे यांना अडचणीत काढायची छत्री. पाऊस थांबला की कोपऱ्यात.

हे एवढं का सांगतोय? कारण 'तू पास झालास' हे शब्द ऐकायला गोरा माणूस आज हौसेनं चिखलात लोळतोय, आणि आपल्या पणजोबांनी तेच शब्द ऐकायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं अर्ज लिहिले. त्यांना चिखलात उतरायचीसुद्धा परवानगी नव्हती. म्हणून ते दृश्य बघताना आपल्या पोटात जे हलतं ते गोऱ्या प्रेक्षकाच्या पोटात हलत नाही. पडदा एक आहे, पण बघणारे डोळे दोन तऱ्हेचे.

आता दुसरी बाजू. नाणं पालटू.

नंबर. नंबर मिळाला की माणूस मोकळा झाला, असं म्हणालो ना मी? मग इथून फार लांब नसलेल्या सेटलमेंटमध्ये जाऊन एखाद्या म्हाताऱ्याला विचारा नंबराबद्दल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मलेलं पोर जन्मतःच गुन्हेगार. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, मांग गारुडी. रजिस्टरात नोंद, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास. सोलापूरच्या गिरण्यांना या कुंपणातून मजूर मिळाले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही माणसं कायद्यानं मुक्त झाली. देश १९४७ ला, ही माणसं पाच वर्षांनी. आणि कायदा गेला तरी पोलिसाच्या डोक्यातलं रजिस्टर गेलं नाही. १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा मुंबई राज्यानं केलाच.

तर तारेखालून सरपटणं हा आता टीव्हीवरचा थरार आहे. आमच्यात अशी घरं आहेत जिथं आजोबा तारेच्या आत जन्मले.

कार्यक्रमात आणखी एक गोष्ट असते. स्पर्धकाच्या डोक्यावर काळी पिशवी घालतात, दोघं धरून ओढत नेतात, खुर्चीवर बसवतात आणि प्रश्नांचा मारा करतात. शेवटच्या टप्प्यात तर पकडलेल्या शत्रूसारखी चौकशी. तासनतास उभं करणं, कर्कश आवाज, शिव्या. मोठा रंगतदार भाग म्हणून लोक तोच बघतात. मी एकदा एका पारधी मित्राबरोबर तो भाग बघत होतो. मी पुढं सरकून बघतोय, अन् हा पठ्ठ्या मागं सरकला. म्हणाला, बंद कर बे. पुढचं काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. जत्रेत पाकीट गेलं, कुणाच्या तरी घरी चोरी झाली, की पहाटे जीप कुणाच्या पालापुढं थांबते हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. तिथं कॅमेरा नसतो. डॉक्टर बाजूला बसलेला नसतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नीट ऐका.

त्या खेळात कुणालाही, कुठल्याही क्षणी, माघार घेता येते. उस्तादाच्या हातात दंडावरचा नंबर काढून द्यायचा. झालं. ब्लँकेट मिळतं, गरम चहा मिळतो, गाडी घरी सोडते. सगळा थरार या एका कलमावर उभा आहे. हाल आहेत, पण हाल निवडलेले आहेत. दहा-बारा दिवसांचे आहेत. दार आतून उघडतं.

गटारात उतरणाऱ्यानं कुणाच्या हातात नंबर काढून द्यायचा? २०१३ साली कायदा झाला, माणसानं मैला उचलायचा नाही, गटारात तसंच उतरवायचं नाही. सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या ऑक्टोबरात गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. दहा लाखांची तीस लाख करावी लागली, याचा अर्थ माणसं मरायची थांबली नव्हती. तोही चिखलच आहे. त्यातही श्वास कोंडतो, अंधार असतो, दोर बांधलेला असलाच तर असतो. त्याला कुणी 'जगातली सगळ्यात कठीण परीक्षा' म्हणत नाही. त्याचा कार्यक्रम होत नाही. कारण तिथं उतरणाऱ्याला हौस नसते आणि त्याचं आडनाव आधीच ठरलेलं असतं. तिथं आडनाव अजिबात काढून घेत नाहीत. आडनाव बघूनच उतरवतात.

हा फरक ज्याला कळला त्यानं खुशाल कार्यक्रम बघावा. ज्याला कळला नाही त्याचं हसं होणार. हाल सोसणं म्हणजे शौर्य, असं जर मानलं तर आपल्या आयांएवढं शूर जगात कुणी नाही. विडीचं सूप मांडीवर घेऊन पाठ मोडेपर्यंत विड्या वळल्या त्यांनी. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक गिरणी बंद पडत गेली, भोंगे थांबले, तेव्हा घरं चालवली त्यांनी. कुणी पदक दिलं? निवडीशिवायचे हाल म्हणजे शोषण. निवडून घेतलेले हाल म्हणजे कसरत. या दोहोंत गल्लत करणं हे भांडवलदाराच्या फायद्याचं आहे. तो तुम्हाला म्हणणारच, रड बंद कर, मर्द बन, सहन कर.

त्यावरून 'मर्द' या शब्दाकडं येतो. त्या मालिकेतला गाजलेला उस्ताद होता अँट मिडलटन. कपाळाला कपाळ लावून ओरडायचा. पोरं त्याची नक्कल करतात. २०२० साली अमेरिकेत आणि इंग्लंडात काळ्या माणसांच्या जिवासाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यानं त्या आंदोलनाबद्दल जे ट्विट केलं त्यावर गदारोळ झाला, त्याला ते काढावं लागलं. २०२१ साली चॅनलनं त्याच्याबरोबरचं काम संपवलं. मला यात एवढंच दाखवायचंय : डोंगरावर मर्द असणं आणि रस्त्यावरच्या माणसाचं दुःख कळणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेला दुसरीत पास होईलच असं नाही. ज्या पँथरांचं नाव आपल्या पँथरनं १९७२ साली घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांचे पँथर होते. तेव्हा आपण कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते ठरलेलं आहे.

आणि बायांचं काय? २०१९ पासून त्या मालिकेत बायका आल्या. पुरुषांबरोबर त्याच डोंगरावर, तीच पिशवी पाठीवर. मुष्टियुद्धालासुद्धा समोरासमोर उभ्या राहिल्या. आपल्याकडं एनडीएत मुलींना घ्यायला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. ज्या दिवशी मुलगी पास होते त्या दिवशी 'मर्द' या शब्दातली हवा जाते. राहतं ते बळ. बळ कुणाच्याही बापाचं नाही. पण आपल्या वस्तीत काय चाललंय? भाऊ पहाटे पळायला जातो, बहीण पहाटे पाणी भरते. दोघांचाही घाम निघतो, अकॅडमीची फी मात्र एकाचीच भरली जाते. हे आपल्या घरातलं आहे, हे ब्राह्मणवादाच्या नावावर ढकलून चालणार नाही.

आता अग्निवीर. पोरांनो, तुम्हाला राग येईल, येऊ दे. २०२२ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढं ठेवणार. बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांची सेवानिधी आणि घरची वाट. पेन्शन नाही. रामजी सुभेदारांच्या पिढीला पलटणीनं पाटी दिली आणि पेन्शन दिली. त्या पेन्शनीवर एका सुभेदारानं पोराला शिकवलं आणि ते पोर पुढं काय झालं हे जगाला ठाऊक आहे. एकविसाव्या शतकात पेन्शन काढून घेतली आणि टीव्हीवर थरार दिला. मी जाऊ नका म्हणत नाही. गरिबाच्या पोराला 'जाऊ नको' सांगणं सोपं, त्याच्या पोटाचं कोण बघणार? पण अर्ज भरताना कलमं वाचा. चार वर्षांत बारावी असेल तर पदवी पूर्ण करा. पंचाहत्तर जणांत आपला नंबर लागला तर पुढं काय, हे पहिल्या दिवशी ठरवा.

शेवटी एक गोष्ट. शौर्याची आपली स्वतःची एक परीक्षा आहे. २० मार्च १९२७. महाड. त्यात डोंगर नव्हता, दोर नव्हता. तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या आणि ओंजळभर पाणी प्यायचं, एवढंच. त्यानंतर सवर्णांनी लाठ्या घेऊन हल्ला केला, बायापोरांनाही मारलं. त्या गर्दीत पलटणीतून आलेले पेन्शनर होते. हात शिवशिवत होते त्यांचे. हिशोब चुकता करायची ताकद होती. बाबासाहेबांनी थांबा म्हटलं आणि ते थांबले. कुठल्याही एसएएसच्या उस्तादाला विचारा, यापेक्षा कडक शिस्त दाखव म्हणावं. मारता येत असताना न मारणं आणि तळ्यावरचा हक्क मात्र न सोडणं. डिसेंबरात परत तिथंच गेले, मनुस्मृती जाळली, आणि तळ्याचा खटला कोर्टात दहा वर्षं लढून १९३७ साली जिंकला. पास होणं याला म्हणतात.

तेव्हा माझं सांगणं थोडक्यात. कार्यक्रम बघा, मजेत बघा, मी पण बघणार. शरीर कमवा, आपल्याला दुबळं राहून परवडणार नाही. पण एकट्यानं कमवू नका. अकॅडमीवाला महिन्याला जे हजारो रुपये उकळतो, ते ज्यांच्याकडं नाहीत अशा पोरापोरींसाठी आपण उद्यापासून पहाटे पाच वाजता तलावाकाठी पळायला सुरुवात करू. भरती झालेले आपले दोन पोलीस शिकवायला तयार आहेत. पोरी पोरांबरोबर पळतील, वेगळ्या वेळेला नाही. पळून झालं की अर्धा तास वाचन, गणित आणि राज्यघटना दोन्ही. आणि रजिस्टर ठेवायचं झालं तर त्यात नुसती पहिली नावं लिहा.

इथून सात रस्ते फुटतात. त्यातला एक भरतीच्या मैदानावर जातो, जरूर जा. पण मैदानावर पोचल्यावर नंबर दंडावर बांधा, डोक्यात बांधू नका.

जयभीम.